बोअरच्या पाण्यात उत्प्रेरक का थकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने कोबाल्ट ऑक्साइडचा उत्प्रेरक तयार केला. पेरॉक्सिमोनोसल्फेट, म्हणजे प्रयोगशाळेत ज्याला सगळे पीएमएस म्हणतात ते ऑक्सिडीकरण करणारं रसायन, सोबत घातलं की डिस्टिल्ड पाण्यातल्या मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा ९७ टक्के रंग अर्ध्या तासात जातो. तीच पावडर पाचव्यांदा वापरली, म्हणजे पाचव्या फेरीलाही, ८८ टक्के जातो. मग त्याने घरच्या बोअरचं पाणी घेतलं. पहिल्या फेरीत ६० टक्के, दुसऱ्या फेरीत २०. तो विचारतो, उत्प्रेरक टिकाऊ करण्यासाठी सेरियमचं डोपिंग करू, म्हणजे त्यात थोडं सेरियम मिसळू, की सिलिकाचं कवच चढवू?

दोन्ही सध्या बाजूला ठेवा. गेली बावीस वर्षं मी पाणी शुद्ध करणाऱ्या ऑक्साइडांवर काम करते आहे, आणि तुमच्या प्रश्नातल्या आकड्यांवरून मला एक दाट शंका येते. डिस्टिल्ड पाण्यात तुमचं ऑक्साइड काम करतच नसावं. काम करत असावा तो त्यातून विरघळून बाहेर पडलेला कोबाल्ट.

पीएमएसची पावडर आम्लधर्मी असते. लिटरमागे एक मिलिमोल घातली की डिस्टिल्ड पाण्याचा पीएच तीनच्या आसपास उतरतो. त्या पीएचला कोबाल्ट ऑक्साइडचा पृष्ठभाग हळूहळू विरघळतो, आणि लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी विरघळलेला कोबाल्ट ही अभिक्रिया जोरात चालवू शकतो. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. ते आम्ल गिळून टाकतं, पीएच सात-आठच्या खाली येत नाही, कोबाल्ट बाहेर पडत नाही आणि रंग जाणं मंदावतं. म्हणजे तुम्हाला जे अपयश वाटतं आहे, त्या पाण्यात तुमचं ऑक्साइड खरं तर जास्त टिकलं असण्याची शक्यता आहे.

हे तपासायला एक दुपार पुरते. डिस्टिल्ड पाण्यात प्रयोग सुरू करा, रंग निम्मा गेला की पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि उत्प्रेरकाशिवाय तसंच ढवळत ठेवा. रंग पुढेही त्याच वेगाने जात राहिला तर उत्तर बहुतेक मिळालं. दुसरा प्रयोग: उत्प्रेरक अजिबात न घालता, आयसीपीवर, म्हणजे पाण्यातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर, जेवढा कोबाल्ट सापडला तेवढाच कोबाल्ट सल्फेट घालून बघा. तिसरा: बोअरचं पाणी, रंग आणि पीएमएस, बाकी काही नाही. बायकार्बोनेट स्वतःच पीएमएसला थोडं चेतवतं आणि काही रंग त्यानेच जातात. हा कोरा प्रयोग केल्याशिवाय तुमच्या ६० टक्क्यांतले उत्प्रेरकाचे किती, हे सांगता येणार नाही.

आता पाच फेऱ्यांविषयी, कारण जवळपास प्रत्येक प्रबंधात ही पाच फेऱ्यांची आकृती असते आणि तिच्याखाली ‘उत्कृष्ट टिकाऊपणा’ असं लिहिलेलं असतं. १०० मिलिलिटर पाणी, त्यात ०.१ ग्रॅम उत्प्रेरक, पाच वेळा. एकूण पाणी झालं अर्धा लिटर. ग्रॅममागे पाच लिटर. त्या अर्ध्या लिटरात एका घराचा सकाळचा चहाही होणार नाही. समजा प्रत्येक फेरीत उत्प्रेरकाचा दोन टक्के भाग निघून जातो. पाच फेऱ्यांनंतर ९० टक्के शिल्लक, आकृती झकास. पन्नास फेऱ्यांनंतर उरतो ३६ टक्के. आणि लिटरमागे एक ग्रॅम मात्रा असताना दोन टक्के म्हणजे दर लिटरला २० मिलिग्रॅम ऑक्साइड पाण्यात गेलं. कोबाल्ट ऑक्साइडात कोबाल्ट वजनाने सुमारे ७३ टक्के असतो, म्हणजे साधारण १५ मिलिग्रॅम कोबाल्ट. ज्या पाण्यातून आपण लिटरमागे काही मायक्रोग्रॅम औषधाचा अंश काढायला निघालो, त्यातच हजारपट जास्त कोबाल्ट मिसळून परत दिला. उलट, ही दोन टक्क्यांची घट दर वेळी रसायनामुळेच होते असंही नाही. सेंट्रिफ्यूजच्या नळीला चिकटलेली, धुताना वाहून गेलेली पावडर हेही तिचं एक मोठं कारण असतं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर उत्प्रेरक वाळवून वजन करा. किती जणांच्या वहीत हे वजन असतं?

दुसऱ्या फेरीत ६० वरून २० वर येण्याचं कारण मात्र वेगळं असावं, आणि ते नागपुरात राहणाऱ्या माणसाला समजवायला फार अवघड नाही. कूलरची वाळ्याची ताटी आठवा. मार्चमध्ये बसवलेली ताटी, बोअरचं पाणी वापरलं तर जूनपर्यंत पांढरी आणि कडक होते. तुमच्या उत्प्रेरकाचं तेच झालं आहे. उघड्या बीकरमध्ये पाणी ढवळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बसायला जागा शोधतं. सर्वांत सोयीची जागा तुमच्या कणांचा पृष्ठभाग. त्यानंतर तुम्ही तो ओला गाळ ओव्हनमध्ये रात्रभर वाळवता, आणि त्यात अडकलेल्या पाण्यातले सगळे क्षार कणांवर भाजून पक्के होतात. चिमूटभर वापरलेला उत्प्रेरक घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसला तर कार्बोनेट आहे. फसफसला नाही तर सिलिका किंवा फॉस्फेटकडे बघायचं.

नागपूर भूगर्भाच्या दृष्टीने सीमेवरचं शहर आहे. पश्चिमेकडे दख्खनचा बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडी त्यातलीच. कामठीकडे गोंडवनातला वालुकाश्म, आणि रामटेक-मनसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणी असलेले फार जुने खडक. नळाला येणारं पेंचचं पाणी वेगळं, बेसाल्टमधल्या बोअरचं वेगळं, सांडपाणी मिसळलेल्या नाग नदीच्या काठच्या विहिरीचं आणखी वेगळं. एका पाण्यात वर्षभर चालणारं ऑक्साइड दुसऱ्यात आठवड्यात निकामी होतं. त्यामुळे मी रचना नेहमी पाण्यापासून सुरू करते. मफल फर्नेस, म्हणजे पावडर भाजायची भट्टी, लावण्याआधी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, जी मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते), हार्डनेस, सिलिका, फॉस्फेट, क्लोराइड आणि सेंद्रिय कार्बन मोजते. यातली पहिली दोन तर टायट्रेशनची कामं, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची.

अल्कलिनिटी नुसती पीएच धरून ठेवत नाही. ती तुमचे रॅडिकलही खाते, म्हणजे पीएमएसपासून तयार होणारे आणि प्रदूषकाचा रेणू मोडणारे अतिचपळ तुकडे. याचा हिशेब एकदा तरी हाताने करावा. हायड्रॉक्सिल रॅडिकलचा करते, कारण त्याचे वेगांक, म्हणजे कोणत्या पदार्थाशी तो किती झपाट्याने भिडतो याचे आकडे, सर्वांत नीट मोजलेले आहेत. सल्फेट रॅडिकलचे आकडे वेगळे असले तरी गणिताची जात तीच. समजा अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे बायकार्बोनेट आठ मिलिमोलर, लिटरमागे ०.००८ मोल. त्याचा वेगांक सुमारे ८५ लाख, दोन्हींचा गुणाकार ६८,०००. आता तुमचा रंग लिटरमागे १० मिलिग्रॅम, वेगांक सुमारे १००० कोटी. गुणाकार तीन लाखांच्या पुढे. रॅडिकल पाचांतले चार वेळा रंगालाच भेटतो आणि प्रयोग छान दिसतो. पण खऱ्या पाण्यात कीटकनाशकाचा किंवा औषधाचा अंश लिटरमागे १० मायक्रोग्रॅम असेल, रेणुभार ३०० धरला आणि वेगांक ५०० कोटी, तर गुणाकार येतो १६७. म्हणजे साधारण चारशे रॅडिकल बायकार्बोनेट खातं तेव्हा एक प्रदूषकाला मिळतो. हे ऑक्साइडमध्ये डोपिंग करून सुटणारं दुखणं नाही. इथे आधी अल्कलिनिटी कमी करावी लागते, नाहीतर रॅडिकलचा रस्ता सोडून प्रदूषक पृष्ठभागावर धरून ठेवणारं ऑक्साइड निवडावं लागतं.

मिथिलीन ब्लूविषयी आणखी एक गोष्ट. तो स्वतः दृश्य प्रकाश शोषतो, ऑक्साइडच्या पृष्ठभागाला चिकटतो, आणि त्याचा रंग गेला म्हणजे रेणू मोडला असंही नसतं. त्याचं एक क्षपित, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळालेलं, रूप रंगहीनच असतं. टीओसी, म्हणजे पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन, मोजल्याशिवाय ‘विघटन’ हा शब्द वापरू नये.

आता निवडीकडे येऊ. ऑक्साइडच्या रचनेत एक ओढाताण कायम असते, आणि ती मान्य केली की पुढचे निर्णय सोपे होतात. पृष्ठभागावरचा धातू जितक्या सहज इलेक्ट्रॉन देतो-घेतो आणि ऑक्सिजन सोडतो, तितका तो चपळ. पण तोच सैलपणा त्याला पाण्यात जायला मदत करतो. लोहाचं उदाहरण घ्या. फेंटन यांनी १८९४ साली लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची अभिक्रिया नोंदवली, आणि आजही ती पीएच तीनजवळच उत्तम चालते, कारण तिथे लोह विरघळलेलं राहतं. पीएच सातला आयर्न ऑक्साइड जवळपास विरघळत नाही, म्हणून टिकतं, आणि त्याच कारणाने सुस्त असतं. त्यामुळे ‘सर्वांत वेगवान आणि सर्वांत टिकाऊ’ असं शीर्षक दिसलं की मी आधी पीएचचा तक्ता शोधते.

तुम्हाला कोबाल्टच वापरायचा असेल तर तो फेराइटमध्ये, म्हणजे लोहाबरोबरच्या मिश्र ऑक्साइडमध्ये, बांधा. कोबाल्ट फेराइटच्या स्पिनेल नावाच्या स्फटिकजाळीत तो साध्या कोबाल्ट ऑक्साइडपेक्षा घट्ट बसतो, गळती कमी होते, आणि चुंबकाने पावडर गोळा करता येते. कॅल्सिनेशन, म्हणजे पावडर भाजणं, ३०० अंशांवर थांबवण्याचा मोह होतो, कारण बीईटीचा, म्हणजे पृष्ठफळाचा, आकडा मोठा येतो. पण कमी तापमानाची पावडर अर्धवट स्फटिक असते, तिच्या कडा आणि कोपरे आधी विरघळतात. ५०० ते ६०० अंशांपर्यंत जा. पृष्ठफळ निम्मं झालं तर होऊ द्या. टायटॅनियावर, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडवर, काम करणाऱ्यांनी मात्र जपून जावं, कारण ६०० च्या पुढे त्याच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपाचं रुटाइल हे दुसरं रूप व्हायला लागतं. तरीही पिण्याच्या पाण्यासाठी कोबाल्ट मी निवडणार नाही. निवडताना मी विचारते की हा धातू थोडा गळालाच तर कुणाच्या पोटात जाणार. लोह, टायटॅनियम, सेरियम यांच्या बाबतीत माझी झोप उडत नाही. मँगनीज चालतो, पण त्याच्यावर पहारा लागतो. झिंक ऑक्साइड टायटॅनियासारखाच प्रकाश शोषतो आणि स्वस्तही आहे, पण आम्लात विरघळतो, तीव्र अल्कलीतही विरघळतो, आणि पाण्यात प्रकाश पडत असतानाही झिजतो. टायटॅनिया तसा झिजत नाही. प्रकाशात टायटॅनियाच्या मदतीने पाणी फोडून दाखवणाऱ्या फुजिशिमा आणि होंडा यांच्या १९७२ च्या शोधनिबंधापासून आजपर्यंत तो टिकून आहे तो याच गुणामुळे, नाहीतर सूर्यप्रकाशातला जेमतेम चार-पाच टक्के अतिनील भाग वापरणाऱ्या पदार्थाला इतकी वर्षं कुणी विचारलं नसतं.

आणि टिकाऊ उत्प्रेरक म्हणजे काय हे ज्याने मला शिकवलं, तो प्रयोगशाळेत जन्मलेलाच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या भंडाऱ्यातल्या खाणींतून निघणारा काळा दगड, पायरोलुसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. पाण्यातलं लोह आणि मँगनीज काढायला हे माध्यम अनेक दशकांपासून जगभर वापरात आहे. क्लोरीन एकटं साध्या पीएचला विरघळलेल्या मँगनीजचं ऑक्सिडीकरण फार हळू करतं. पण मँगनीज डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर तो मँगनीज आधी चिकटतो, तिथे क्लोरीन त्याला गाठतं, आणि त्याचाच नवा मँगनीज डायऑक्साइड होतो. तो नवा थर पुढच्या मँगनीजसाठी उत्प्रेरक. मँगनीजच्या एका मिलिग्रॅमला सुमारे १.३ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं, बस्स. उत्प्रेरक झिजण्याऐवजी रोज नवा होतो. टिकाऊपणाची याहून सुंदर रचना मला माहीत नाही. आपण रसायनं घालून पृष्ठभाग वाचवण्याचा आटापिटा करतो, इथे प्रदूषकच पृष्ठभाग बांधतो.

पण पहारा लागतो म्हटलं, त्याचं कारण सांगते. एका गृहनिर्माण संस्थेत आम्ही मँगनीज डायऑक्साइडच्या दाण्यांनी भरलेला असा कॉलम, म्हणजे उभा नळा, बसवला होता. दिवाळीत पाच दिवस पंप बंद राहिला. परत सुरू केला तेव्हा पहिलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, पण तासाभराने बादल्यांच्या तळाशी तपकिरी डाग दिसले. पाच दिवसांत जिवाणूंनी माध्यमातला ऑक्सिजन संपवला होता, सेंद्रिय पदार्थ होतेच, आणि मँगनीज डायऑक्साइड क्षपित होऊन विरघळला होता. बाहेर आल्यावर हवा आणि क्लोरीन लागलं आणि तो पुन्हा बसला. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे मँगनीजची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर ०.३. त्या पहिल्या पाण्यात ती किती ओलांडली गेली हे मोजून मला वाईट वाटलं, कारण एका घरात त्याच पाण्याने स्वयंपाक झाला होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक आराखड्यात दोन गोष्टी असतात. माध्यम क्लोरीनशिवाय कधीच उभं राहणार नाही, आणि बंद पडल्यावर पहिलं पाणी आपोआप गटारात जाईल. उत्प्रेरकाचा टिकाऊपणा व्हॉल्व्ह आणि टायमरवरही अवलंबून असतो, हे शोधनिबंधात कुठे लिहिलेलं नसतं.

तुमच्या पावडरीचं पुढे काय करायचं, तर तिला दाण्यांवर बसवा. २० नॅनोमीटरची पावडर कुठल्याही संस्थेच्या टाकीत चालवता येणार नाही, ती गाळता येत नाही आणि शेवटी नळातून येते. अ‍ॅल्युमिनाचे गोल दाणे किंवा चाळलेली वाळू घ्या आणि एक जाड थर देण्याऐवजी चार-पाच पातळ थर द्या, प्रत्येक थरानंतर वाळवून भाजा. जाड थर भाजताना आक्रसतो, तडकतो आणि पहिल्या बॅकवॉशलाच, म्हणजे उलट्या प्रवाहाने धुताना, पापुद्र्यासारखा सुटतो. थर पक्का बसला का हे बघायला दाणे पाण्यात घालून अल्ट्रासाउंडच्या भांड्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि वजन करा.

कोणतं ऑक्साइड, हे ठरवताना त्याची आंघोळ आधी ठरवा. क्षार काढायला सायट्रिक आम्ल लागणार, सेंद्रिय थर आणि थोडीफार सिलिका काढायला सौम्य अल्कली. जे ऑक्साइड ही दोन्ही धुणी पन्नास वेळा सोसणार नाही, ते आपल्या पाण्यात टिकणार नाही, मग त्याची चपळता कितीही असो. टायटॅनिया सोसतो. झिंक ऑक्साइड सोसत नाही. सिलिकाचं कवच, जे तुम्ही चढवायचं म्हणता, ते अल्कलीत स्वतःच विरघळतं. फॉस्फेट मात्र लोहाच्या आणि टायटॅनियाच्या पृष्ठभागाला असं धरतं की ते धुऊन काढण्यापेक्षा आधीच अडवणं स्वस्त पडतं.

मग खरी परीक्षा. एक लिटर दाण्यांचा कॉलम, पाण्याला दाण्यांतून जायला दहा मिनिटं. तासाला सहा लिटर, दिवसाला १४४, महिन्यात ४,३२० लिटर. दाण्यांवर २० ग्रॅम धातू असेल तर ग्रॅममागे २१६ लिटर. तुमच्या पाच लिटरशी तुलना करा. गळतीचा हिशेबही इथेच खरा कळतो. बाहेर येणाऱ्या पाण्यात लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम धातू असेल तर महिन्याला ८६ मिलिग्रॅम गेला, म्हणजे ०.४ टक्का, वर्षाला पाच टक्के. हा कॉलम काही वर्षं चालेल असं मी म्हणू शकते. गळती दसपट असेल तर वर्षभरात निम्मा थर गेलेला असेल. हा प्रयोग मे महिन्यात, गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यावर करा. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत कॉलम फार शहाण्यासारखा वागतो. बाहेर ४५ अंश असताना टाकीतलं पाणी चाळिशी गाठतं, त्यात ऑक्सिजन कमी राहतो, कॅल्शियम कार्बोनेट जास्त बसतं आणि धातूही वेगाने सुटतो.

आयसीपीला नमुने देताना एक काळजी घ्या, इथे चूक झाली तर वरचे सगळे हिशेब चुकतात. प्रत्येक वेळी दोन बाटल्या भरा, एक गाळून आणि एक न गाळता, कारण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून २० नॅनोमीटरचे कण आरामात जातात आणि त्यांनाच आपण विरघळलेला धातू समजून बसतो. शंका आली तर गाळलेल्या पाण्याचा थोडा भाग अल्ट्राफिल्ट्रेशनमधूनही काढा. तीनही बाटल्यांत लगेच शुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच दोनच्या खाली आणा, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत धातू बाटलीच्या भिंतीवर बसलेला असेल आणि अहवालात येईल ‘आढळला नाही’.